परदेशी निघालात? लस घेतलीत का?

तिकीट, व्हिसा, कपडे आणि खाऊ यांची तयारी महिनाभर आधी सुरू होते. प्रकृतीची तयारी मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते आणि तिथेच घोटाळा होतो.

परदेशी जायचे ठरले की घरात एकच लगबग उडते. पासपोर्टची मुदत तपासली जाते, व्हिसासाठी कागद जमवले जातात, बॅगा पुन:पुन्हा काट्यावर ठेवून पाहिल्या जातात. लोणच्याची बरणी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावी की डब्यात भरावी, यावर घरात दोन तट पडतात. या सगळ्या यादीत डॉक्टरांचे नाव असलेच तर ते सर्वांत शेवटी, आणि तेही 'तापाच्या आणि जुलाबाच्या चार गोळ्या लिहून द्या' एवढ्यापुरते.

एके काळी परदेशप्रवास ही मूठभरांची मिरासदारी होती. आज नाशिकचा द्राक्षबागायतदार सहकुटुंब केनियातील जंगल पाहून येतो. सोलापूरची आजी मुलीच्या बाळंतपणासाठी कॅलिफोर्नियाला जाते. इंदूरचा मराठी विद्यार्थी अमेरिकेतील विद्यापीठात प्रवेश घेतो, भिवंडीतील वृद्ध जोडपे हजला निघते आणि रत्नागिरीचा तरुण जहाजावर नोकरी धरून जगभर फिरतो. प्रत्येकाचा प्रवास वेगळा, म्हणून धोका वेगळा आणि लसही वेगळी. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, ही लस केवळ जाणाऱ्याच्या रक्षणासाठी नसते. आपण ज्यांच्याकडे जातो आणि ज्यांच्याकडे परत येतो, त्यांचेही आरोग्य तिच्याशी बांधलेले असते.

दहा दिवसांचे गणित

सर्वांत कडक नियम आहे तो पीतज्वराचा, म्हणजे 'यलो फीव्हर'चा. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील चाळीसेक देशांत हा रोग आढळतो. केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना, ब्राझील, पेरू हे त्यांपैकी भारतीयांच्या येण्याजाण्यातले देश. डासांमार्फत पसरणाऱ्या या रोगावर नेमके औषध नाही. बहुतेक रुग्ण काही दिवसांत बरे होतात. पण ज्यांचा आजार बळावतो आणि कावीळ व रक्तस्राव सुरू होतो, त्यांच्यापैकी निम्मे रुग्ण सात ते दहा दिवसांत दगावतात.

भारतात हा रोग कधीच आला नाही. मात्र तो पसरवणारा 'एडीस इजिप्ती' हा डास आपल्याकडे घरोघरी आहे. दर पावसाळ्यात डेंग्यू पसरवतो तोच हा डास. म्हणजे वाहक हजर आहे, फक्त विषाणू यायचा आहे. एखादा बाधित प्रवासी मुंबईत किंवा पुण्यात उतरला आणि त्याला इथला डास चावला तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. ही भीती पोकळ नाही. २०१६ मध्ये अंगोलात पीतज्वराची मोठी साथ आली. तेथून परतलेल्या, लस न घेतलेल्या काही चिनी कामगारांबरोबर हा रोग चीनमध्ये पोहोचला. आशिया खंडात पीतज्वराचे रुग्ण सापडण्याची ती पहिलीच वेळ. सुदैवाने तिथे साथ पसरली नाही.

म्हणूनच भारत सरकार या बाबतीत कोणाची भीड ठेवत नाही. पीतज्वराच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाकडे लसीचे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. त्यात मोठ्यांची, ओळखीपाळखीची किंवा 'मला अगदी बरे वाटते आहे' या सबबीची मात्रा चालत नाही.

अनेकांची गल्लत होते ती इथेच. भारतातून थेट केनियाला गेलेल्या पर्यटकाला तिथल्या विमानतळावर प्रमाणपत्र कोणी विचारले नाही, तर त्याला वाटते की लसीची गरजच नव्हती. खरी परीक्षा असते ती परत येताना, आपल्याच विमानतळावर. दुसरी गल्लत तारखेची. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होते. सोमवारी लस घेऊन गुरुवारी विमानात बसणाऱ्याच्या हातात पिवळे पुस्तक असते, पण त्या दिवशी त्याचा उपयोग नसतो. केनियाबरोबर टांझानियाही पाहायचा बेत असेल तर आणखी एक पेच पडतो. केनियातून येणाऱ्या प्रवाशाकडे टांझानिया हे प्रमाणपत्र मागतो. म्हणजे सहलीच्या मध्यावरच अडकण्याची वेळ!

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. ती सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच टोचली जाते. मुंबई, पुणे, मुरगाव, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा ठिकाणी अशी केंद्रे आहेत. एकदा कुपी उघडली की ती काही तासांतच संपवावी लागते, त्यामुळे केंद्रे ठरावीक दिवशी आणि आधी नोंदणी केलेल्यांनाच बोलावतात. जगात ही लस बनवणाऱ्या संस्थाही मोजक्याच असल्याने मधूनमधून तुटवडा भासतो. म्हणून तिकीट काढले त्याच आठवड्यात नोंदणी करावी. लस घ्यायला जाताना पासपोर्ट विसरू नये, कारण प्रमाणपत्रावर त्याचा क्रमांक लिहावा लागतो.

लसीचा हा वाण जुना आणि खात्रीचा आहे. मॅक्स थायलर या शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये तो सिद्ध केला आणि त्याबद्दल त्याला १९५१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वी दर दहा वर्षांनी ही लस पुन्हा घ्यावी लागे. ११ जुलै २०१६ पासून मात्र आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार एकदा घेतलेल्या लसीचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. जुनी प्रमाणपत्रेही त्यात आली. तेव्हा कपाटातले ते पिवळे पुस्तक रद्दीत टाकू नका.

अर्थात ही लस सर्वांना चालत नाही. ती जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूंची असते आणि कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणावर वाढवलेली असते. ज्यांना अंड्याची तीव्र ॲलर्जी आहे, कर्करोगाच्या उपचारांमुळे किंवा अन्य कारणाने ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, अशांनी ती घेऊ नये. सहा महिन्यांखालील बाळांना ती देत नाहीत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, तसेच साठी ओलांडलेले प्रवासी यांच्या बाबतीत डॉक्टर फायदा-तोटा तोलून निर्णय घेतात. केंद्रावर फॉर्म भरताना आजार लपवणे म्हणजे स्वतःलाच फसवणे होय.

'आम्हाला मलेरियाचे काय!'

आफ्रिकेच्या सहलीत पीतज्वरापेक्षा जवळचा धोका मलेरियाचा. पण भारतीय माणूस मलेरियाला घाबरत नाही. 'लहानपणापासून डास चावतायत, आम्हाला काय होणार?' असे त्याचे म्हणणे. हा समज घातक आहे. आफ्रिकेतील मलेरिया मुख्यतः 'फाल्सिपेरम' या परजीवीचा असतो. तो मेंदूवर आणि मूत्रपिंडांवर आघात करू शकतो. शिवाय क्लोरोक्विन या आपल्या ओळखीच्या गोळीला तो बहुतेक ठिकाणी दाद देत नाही.

मलेरियाची लस आली ना, असे कोणी विचारील. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या 'आर २१' या लसीला ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ती मलेरियाग्रस्त भागातील लहान मुलांसाठी आहे. सहलीला जाणाऱ्यांसाठी नाही. पर्यटकाला आधार तो प्रतिबंधक गोळ्यांचा, अंगभर कपड्यांचा, मच्छरदाणीचा आणि डास पळवणाऱ्या मलमाचा.

या गोळ्यांचेही वेळापत्रक असते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही जोडगोळी प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायची असते. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते. घरी आल्यावर 'आता कशाला?' म्हणून गोळ्या सोडून देणारे पुष्कळ. आणि परतल्यावर काही आठवड्यांनी, अगदी काही महिन्यांनी ताप आला, तरी डॉक्टरांना पहिले वाक्य सांगायचे ते हे : 'मी आफ्रिकेत जाऊन आलो आहे.' ते एक वाक्य जीव वाचवू शकते.

आजी निघाली बाळंतपणाला

आता वळू या आपल्या घराघरांतल्या प्रवासाकडे. मुलगी किंवा सून परदेशी, दिवस भरत आलेले आणि आई सहा महिन्यांच्या मुक्कामाला निघालेली. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, अळीव, दुपटी, झबली, कुंच्या सगळे काही. फक्त एक गोष्ट राहून जाते, आजीच्या दंडावरची सुई.

डांग्या खोकला हा लहानपणी होणारा आजार, असे आपण समजतो. प्रत्यक्षात लहानपणीच्या लसीचा प्रभाव वर्षांमागून ओसरत जातो. मोठ्या माणसाला हा आजार झाला तर तो नुसता रेंगाळलेला खोकला वाटतो. पण तोच जंतू तान्ह्या बाळाकडे गेला, तर बाळाचा श्वास अडकू शकतो. बाळाला स्वतःची पहिली लस भारतात सहाव्या आठवड्यात आणि अमेरिकेत दुसऱ्या महिन्यात मिळते. मधले दिवस ते उघडेच असते. म्हणून अमेरिकेत गर्भवतीला प्रत्येक गरोदरपणात, साधारण २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांची 'टीडॅप' ही लस देतात. बाळाला हाताळणाऱ्या आजी-आजोबांनीही ती घेतलेली असावी आणि तीही बाळाला भेटण्यापूर्वी किमान दोन आठवडे, असे तिथले डॉक्टर सांगतात.

मुलीने फोनवर हे सांगितले की काही घरांत गैरसमज होतो. 'चार बाळंतपणे केली मी, आता मला सुई टोचून घ्यायला सांगतात!' पण यात आईच्या अनुभवाचा अपमान नाही. ही लस भारतातही मिळते. ती इथेच घेतली तर तिथल्या महागड्या दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही आणि विमानातून उतरल्याबरोबर नातवंड मांडीवर घेता येते.

आजी-आजोबांनी हिवाळ्यात जायचे असल्यास इन्फ्लूएन्झाची लसही दोन आठवडे आधी घ्यावी. पासष्टीपुढील व्यक्तींनी, तसेच मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी न्यूमोनियाच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

लांबच्या विमानप्रवासात तासन्‌तास एका जागी बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव असतो. म्हणून अधूनमधून उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत आणि प्रसाधनगृहात जावे लागेल म्हणून पाणी पिणे टाळू नये. साड्या सावरत उठायचा संकोच अनेकींना असतो. त्यांनी कडेची जागा मागून घ्यावी.

हज आणि उमरा

हजच्या काळात जगभरातून लाखो भाविक एकत्र येतात. अशा गर्दीत मेनिन्जायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज, झपाट्याने पसरते. १९८७ मध्ये आणि पुन्हा २००० व २००१ मध्ये हजशी संबंधित साथी आल्या. परतलेल्या यात्रेकरूंकडून हा रोग त्यांच्या घरच्या माणसांनाही झाला. तेव्हापासून सौदी अरेबियाने चार प्रकारच्या जंतूंपासून रक्षण करणारी लस सक्तीची केली आहे. ती पोहोचण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते. लसीच्या प्रकारानुसार प्रमाणपत्र तीन किंवा पाच वर्षे चालते. म्हणून कोणती लस टोचली ते कार्डावर स्पष्ट लिहून घ्यावे. हज समितीमार्फत जाणाऱ्यांसाठी लसीकरणाची शिबिरे होतात. खासगी प्रवास कंपनीबरोबर उमराला जाणाऱ्यांनी मात्र ही जबाबदारी कोणाची, ते पैसे भरतानाच विचारून घ्यावे.

विद्यार्थ्यांचे हरवलेले कार्ड

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलामुलींकडे विद्यापीठे लसीकरणाचा दाखला मागतात. त्यात गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या 'एमएमआर' लसीचे दोन डोस बहुधा असतातच. इथे घरोघरी कपाटे उपसली जातात. बाळपणीचे कार्ड सापडत नाही, किंवा सापडले तर त्यावर नवव्या महिन्यातील गोवराच्या एकाच इंजेक्शनची नोंद असते. याचे कारण सरळ आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात गोवराचा दुसरा डोस २०१० पासून आला आणि रुबेलाची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना ती मिळालेलीच नाही.

एमएमआरच्या दोन डोसांत किमान २८ दिवसांचे अंतर लागते. म्हणजे प्रवेशाचे पत्र हातात पडताच डॉक्टरांकडे जायला हवे. 'तिकडे कुठे आलाय गोवर?' असेही समजू नये. अमेरिकेने २००० मध्ये गोवर हद्दपार झाल्याचे जाहीर केले होते. तरी २०२५ मध्ये टेक्सासमध्ये त्याची मोठी साथ आली.

क्षयरोगाच्या चाचणीनेही काही विद्यार्थी घाबरतात. लहानपणी बीसीजी टोचलेल्यांची त्वचेवरची चाचणी रोग नसतानाही सकारात्मक येऊ शकते. 'इग्रा' या रक्ततपासणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. विद्यापीठाला कोणती चाचणी चालते, ते आधीच विचारावे. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ राहायला जाणाऱ्या भारतीयांना तर व्हिसासाठीच मान्यताप्राप्त दवाखान्यातून क्षयतपासणी करून घ्यावी लागते.

माकडाबरोबर फोटो

थायलंड आणि बाली ही आता मधुचंद्राची आणि कौटुंबिक सहलींची ठिकाणे झाली आहेत. तिथल्या देवळांजवळ आणि वनांत माकडे अंगाखांद्यावर चढतात आणि पर्यटक हौसेने फोटो काढून घेतात. पण बालीमध्ये २००८ पासून रेबीज आहे. माकड किंवा कुत्रा चावला, ओरबाडले, तर जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी तिथल्याच रुग्णालयात लस सुरू करावी. 'सहल बिघडायला नको, घरी गेल्यावर बघू' हा विचार जिवावर बेतू शकतो. रेबीजची लक्षणे दिसू लागली की मग बहुधा उपाय उरत नाही.

औषधे नेताना आणि खाऊ नेतानाही

मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा थोडी जास्त, मूळ वेष्टनासह आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीवर औषधाच्या कंपनीने दिलेल्या नावाबरोबर मूळ घटकाचे नाव लिहून घ्यावे. कारण आपल्याकडचे नाव तिकडे कोणाला ठाऊक नसते. इन्सुलिन नेहमी हातातल्या पिशवीत ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते. घड्याळ नऊ-दहा तासांनी मागे-पुढे होते तेव्हा इन्सुलिनच्या वेळा कशा बदलायच्या, हेही कागदावर लिहून घ्यावे.

आखातात जाणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी आपल्याकडे चिठ्ठीवर मिळते. संयुक्त अरब अमिरातीत ती पूर्वपरवानगीवाचून नेणे गुन्हा ठरू शकतो. आणि खसखस! दुबईतल्या मुलीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांत, अनारशांवर ती हमखास असते. पण ती अफूच्या बोंडातली असल्याने तिथे तिला बंदी आहे. तेव्हा लाडू जरूर करावेत, पण खसखशीवाचून.

प्रवासविमा काढताना जुने आजार दडवू नयेत. विम्याचा हप्ता थोडा वाढेल. पण दडवलेल्या आजारावरचा दावा नाकारला गेला तर परदेशातील रुग्णालयाचे बिल मुलाच्या डोक्यावर बसते.

आजोळी येणारी नातवंडे

उलट दिशेचा प्रवासही विसरून चालणार नाही. परदेशात वाढलेली नातवंडे सुटीत आजोळी येतात. 'आपल्याच घरी तर जातोय' म्हणून त्यांचे आईवडील लसींचा विचार करत नाहीत. पण आईवडिलांना इथल्या पाण्याची सवय असली तरी मुलांना ती नसते. विषमज्वर आणि 'हिपॅटायटिस ए' ही कावीळ यांच्या लसी त्यांनी निघण्यापूर्वी घ्याव्यात. आजीने पाणी उकळावे, पाणीपुरीच्या हट्टाला घरच्या घरी उत्तर द्यावे आणि तान्हे बाळ असेल तर मच्छरदाणी काढून ठेवावी.

उलटी गणती

* सहा ते आठ आठवडे आधी : डॉक्टरांची भेट. कोणता देश, शहर की जंगल, किती दिवस, कोणते आजार, कोणती ॲलर्जी, गरोदरपण हे सर्व सांगावे. सर्व लसींची नोंद एका कार्डावर घ्यावी.
* जिवंत विषाणूंच्या दोन लसी घ्यायच्या असल्यास त्यांतील अंतर डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. बहुधा त्या एकाच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने देतात.
* चार आठवडे आधी : पीतज्वराच्या लसीची तारीख पक्की झालेली असावी. दातांची तपासणी आणि चष्म्याचा जादा नंबर याच वेळी उरकावा.
* दोन आठवडे आधी : टीडॅप, इन्फ्लूएन्झा आणि मेनिन्जायटिसच्या लसी घेऊन झालेल्या असाव्यात.
* आदल्या आठवड्यात : औषधांची पिशवी, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, प्रमाणपत्रे व त्यांच्या प्रती.
* परतल्यावर : ताप, कावीळ, जुलाब किंवा अंगावर पुरळ आल्यास प्रवासाची माहिती डॉक्टरांना आपण होऊन द्यावी.

उशीर झालाच असेल तरी डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. काही लसी शेवटच्या आठवड्यातही उपयोगी पडतात. मात्र पीतज्वराचे दहा दिवस दहाच राहतात. ते पैशाने किंवा ओळखीने कमी होत नाहीत. एका टोचणीने दंड दोन दिवस दुखेल, एखाद्याला कणकण येईल. त्या बदल्यात मुलीच्या घरचे तान्हे बाळ, हजहून परतणाऱ्याची वाट पाहणारे कुटुंब आणि डासांनी भरलेले आपले शहर अशा कितीजणांची काळजी मिटते. परदेशवारीच्या यादीत तिकिटाच्या खालोखाल डॉक्टरांचे नाव लिहायला एवढे कारण पुरेसे आहे.